कमी ऐकणारा डबा

सून गेल्यावर महिन्याभराने तिच्या संगणकावर एक निरोप आला. पाठवणारी माणसं अनोळखी होती, दूरदूरच्या देशांतली. मुलाने तो वाचून बाबांना समजावून सांगितला. ही सगळी हौशी मंडळी. घरोघरी इंटरनेटचे जे स्वस्तातले डबे असतात, ज्यांना राउटर म्हणतात, त्यांच्यासाठी ती मिळून एक प्रणाली लिहीत असत. ती कुणाच्या मालकीची नव्हती. कुणीही उघडून वाचावी, वापरावी, सुधारावी. सून त्यांच्यातलीच एक. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि तिचं खरं नावही त्यांना ठाऊक नव्हतं, कारण तिथे सगळे टोपणनावानेच वावरतात. तिचं टोपणनाव होतं 'कवळी'. आता तिच्याविषयी घरच्या कुणीतरी चार ओळी लिहाव्यात, ती माणूस म्हणून कशी होती ते सांगावं, अशी त्यांची विनंती होती. आणि जमलं तर त्या नावामागची गोष्टही.

"बाबा, तुम्हीच लिहा," मुलगा म्हणाला. "मला नाही जमायचं."

"मला तरी कुठे जमतंय?"

"नावाची गोष्ट तुम्हालाच माहीत आहे."

हे मात्र खरं होतं. बाबांनी आयुष्यभर कवळ्या केल्या. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खिडकीची कार्यशाळा होती. दातांचे डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवत आणि बाबा त्यावर दात बसवून देत. ज्यांच्या तोंडात ते दात जायचे ती माणसं त्यांना सहसा दिसायची नाहीत. स्वभावाने ते बुजरेच, त्यामुळे ही व्यवस्था त्यांना मानवली होती. लिहिण्याशी त्यांचा संबंध पाकिटावर डॉक्टरांचं नाव घालण्यापुरता. कोरा कागद पुढ्यात घेऊन बसल्यावर त्यांना घामच फुटला.

त्याहून वाईट म्हणजे, लिहायला बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की ही मुलगी आपल्याला फारशी माहीतच नव्हती. एका छपराखाली इतकी वर्षं काढली, पण तिला कशाचं वाईट वाटायचं, कशाची भीती वाटायची, एकटी असताना ती काही गुणगुणायची का, काही म्हणजे काही सांगता येईना. जे माहीत होतं ते सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवतीचं, आणि त्यातलंही बरंचसं एका पांढऱ्या डब्याचं. तेवढंच लिहावं की नाही, असं म्हणत ते बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसले.

ती लग्न होऊन घरात आली त्या आठवड्यातली गोष्ट. बाबा संध्याकाळी आपल्या खोलीत रेडिओ ऐकत होते, तेवढ्यात डोक्यावरचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. दुसऱ्या संध्याकाळी तेच. बाबांनी बाजारातून नवा दिवा आणला, स्टुलावर चढून बसवला आणि हात झटकत खाली उतरले. त्या संध्याकाळी नवा दिवाही उघडझाप करू लागला.

"उद्या वायरमनला बोलाव रे," त्यांनी मुलाला हाक मारून सांगितलं. "घरातली सगळी वायरिंग गेलेली दिसतेय."

मुलगा दारातच हसत सुटला. "अहो बाबा, ती तुम्हाला जेवायला बोलावतेय!"

दिव्याचं बटण दाराबाहेरच्या भिंतीवर होतं. सून तिथे उभी राहून ते खालीवर करत होती. तिच्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही, हे बाबांना ठाऊक होतं. पण अशा घरात आईला हाक मारायची तर लेकीने काय करायचं, हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. दिवा उघडझाप करायचा, नाहीतर पायाने जमीन ठोकायची, किंवा टेबलावर थाप मारायची. अंगवळणी पडलेली गोष्ट सासरी येऊन एकदम सुटत नाही.

"मग तोंडाने का नाही बोलावलं?" बाबांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला घाबरते."

"मला?" बाबांना उभ्या जन्मात कुणी घाबरलं नव्हतं. ते एवढे गोंधळले, की जेवताना त्यांनी दोनदा मीठ घेतलं. "अरे, मीच तिला घाबरतो," ते म्हणाले, आणि सून पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसली.

त्यानंतरही दिवा उघडझाप करायची पद्धत घरात कायम राहिली. बाबांना ती आवडायला लागली होती. हाकेला ओ द्यावी लागते. दिव्याला नुसतं उठून गेलं तरी चालतं.

सून एका शाळेच्या कार्यालयात वेळापत्रकं आणि दाखले सांभाळायची. संगणकाचं शिक्षण असं तिने घेतलेलं नव्हतं; जे येत होतं ते धडपडत, विचारत, चुकत शिकलेलं. मुलगा बेकरीत कामाला. त्याला पहाटेच भट्टीवर जावं लागे, म्हणून दिवेलागण झाली की तो अंथरुणात. मग टेबलाशी दोघंच उरायची. बाबा मटार सोलत किंवा नुसतेच बसत, आणि समोर सून संगणकावर आईशी बोलत असे.

तिची आई दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर राहायची. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या एका शाळेत ती शिवणकाम शिकवत असे. शाळेमागे लहान लहान घरांची एक रांग होती. तिथे जुने कर्मचारी आणि शाळेतून शिकून गेलेली कितीतरी माणसं संसार थाटून राहत होती, त्यातलंच एक घर विहीणबाईंचं. मायलेकी बोलायच्या त्या हातांनी, पडद्यावर एकमेकींना बघत. घरात चार शब्द जोडून न बोलणारी सून त्या पडद्यासमोर बसली, की भुवया उडायच्या, खांदे हलायचे, बोटं कधी भांडायची तर कधी लाडात यायची. बाबांना एकही खूण कळत नव्हती, तरी ते टक लावून बघत. ही मुलगी अबोल नाहीच, असं त्यांना तेव्हा वाटायचं. ती भरभरून बोलते, फक्त आपल्याला ती भाषा येत नाही.

आणि मग चित्र गोठायचं.

विहीणबाईंकडचा डबा थोडा वेळ नीट चालायचा आणि मग अडखळायचा. बाकीच्यांच्या बाबतीत चित्र थांबलं तरी आवाज येत राहतो, "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" करत गाडी पुढे ढकलता येते. इथे चित्र थांबलं की सगळंच थांबलं. विहीणबाईंचा हात हवेत, बोटं अर्धी उघडलेली, आणि सांगायचं होतं ते तिथेच राहिलेलं. सून त्या हाताकडे बघत बसायची. लिहून कळवायचं, तर लिहिलेली भाषा विहीणबाईंना परक्या घरासारखी; त्यात त्या दोन शब्दांच्या वर जायच्या नाहीत. 'बरी आहे.' 'जेवले.' त्यात आई कुठे सापडणार?

सुनेने एक चांगला, महागातला डबा आईला पाठवून दिला. आठ दिवसांनी विहीणबाईंनी पडद्यावर येऊन आनंदाने सांगितलं, की तो मी शाळेतल्या मुलांच्या खोलीत लावला. माझा आहे तो बरा आहे. रांगेत सगळ्यांकडे तोच आहे, मग मी एकटीनेच निराळा कशाला ठेवू? एवढं सांगून होतंय तोवर चित्र गोठलं.

"तुझी आई म्हणजे ना!" मुलगा म्हणाला. "आता काय रांगभर डबे पाठवायचे?"

सून म्हणाली, "रांगभर डबे आहेतच की. तेच नीट करायचे."

ज्या कंपनीने तो डबा काढला होता, तिने त्याच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. आतली प्रणाली जुनी होऊन गेली होती आणि ती दुरुस्त करायला कुणी बसलेलं नव्हतं. पण त्या हौशी मंडळींची उघडी प्रणाली तशाच चिपच्या दुसऱ्या कितीतरी डब्यांवर उत्तम चालत होती. याच डब्यावर कुणी ती बसवली नव्हती, एवढंच. तसला एक डबा सुनेच्या कार्यालयात अडगळीत पडून होता. तो मागून आणून तिने टेबलावर उघडला.

त्याला चार अँटेना होत्या. झाकण काढल्यावर कळलं, की त्यातल्या दोनच तारेने जोडलेल्या आहेत. बाकी दोन नुसत्या खोचलेल्या.

"शोभेच्या," सून म्हणाली.

"पुढचे दोन दात असतात ना काहींचे, नुसते हसायला," बाबा म्हणाले, आणि आपण आपणहून बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

काही दिवसांनी तिने एकदम विचारलं, "बाबा, तुमचा हात कापतो का हो?"

"चहाचा कप धरला की कापतो. काम करताना नाही."

तिने डबा त्यांच्यापुढे सरकवला. आतल्या हिरव्या पाटीवर ओळीने तीन ठिपके होते. डब्याशी थेट बोलायचं तर त्यांना तीन तारा जोडायच्या. एका ठिपक्यातून डबा बोलतो, एकातून ऐकतो, तिसरा दोघांना एका जमिनीवर आणतो. "त्याचं तोंड माझ्या कानाला, माझं तोंड त्याच्या कानाला," तिने सांगितलं. पण डाग द्यायची सळई जास्त तापली आणि एका ठिपक्याचं तांबं उखडून आलं. आता तिथे केसाएवढी रेघ तेवढी उरली होती.

बाबा उठले, पलंगाखालची आपली जुनी पेटी ओढून काढली. डोळ्याला लावायचं भिंग, मेण कोरायची सळई आणि चिकट मेणाची कांडी. त्या रेघेवर त्यांनी तार टेकवली आणि मेणाच्या दोन थेंबांनी तिला जागेवर धरून ठेवलं. श्वास सोडला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की सुनेनेही श्वास धरला होता.

पडद्यावर आधी नुसता अक्षरांचा कचरा आला. "बोलण्याचा वेग जुळत नाहीये," असं म्हणत तिने काहीतरी बदललं, आणि एकदम नीटनेटक्या ओळी भरभर वर सरकू लागल्या.

"काय म्हणतोय?"

"मी कोण, माझ्याकडे जागा किती, काय कुठे ठेवलंय... सगळं सांगतोय."

"भलताच बोलका निघाला."

"उठल्या उठल्या बोलतो. मग दिवसभर गप्प."

"मग आपल्याच घरातला म्हणायचा," बाबा म्हणाले.

पुढचं काम कसलं होतं, हे तिने त्यांना एकदाच, भांडी आवरता आवरता सांगितलं. प्रणाली तयारच आहे, फक्त तिला हे घर नवीन आहे. नव्या घरात राहायला आलेल्या माणसाला सांगावं लागतं, दिव्याचं बटण इथे, पाण्याचा नळ तिथे, ही खोली तुझी आणि त्या कपाटाला हात लावायचा नाही. तसं एकेक शोधून लिहून द्यायचं. कंपनीने ते कुठेच सांगितलेलं नाही, म्हणून चाचपडत जायचं.

चाचपडण्यात बाबांचं काम दिवे बघण्याचं.

"लागला?"

"नाही."

"आता?"

"नाही. थांब, लागला! शेवटचा लागला."

"अरे देवा. पहिला लागायला हवा होता. आता?"

"आता सगळेच लागले."

आतल्या खोलीतून मुलाचा आवाज यायचा, "लागले असतील तर झोपा आता! मला पहाटे उठायचंय!" मग दोघं तोंडावर हात ठेवून हसायची आणि बाबा खुणेनेच सांगायचे, पहिला, दुसरा, कुठलाच नाही.

काम झाल्यावर तिने ते मंडळींकडे तपासायला पाठवलं. तपासणाऱ्याचं टोपणनाव होतं 'घुबड'. घुबड खडूस होतं. ही ओळ कशाला, ती दोनदा का, इथे मोकळी जागा फार सोडलीस. सून ऑफिसातून येऊन चप्पल काढत असतानाच बाबा विचारायचे, "काय म्हणतंय घुबड?"

"म्हणतंय, पुन्हा लिही."

"त्याला सांग, आमच्याकडे दोन माणसं दिवे बघून थकली."

"सांगितलं. म्हणालं, तिसरं माणूस ठेवा."

शेवटी घरातल्या डब्यावर नवी प्रणाली दिवसचे दिवस न अडखळता चालली. रांगेतल्या लोकांच्या डब्यांतली प्रणाली बदलायच्या आधी एकदा आईच्या डब्यावर करून बघावं, म्हणून तिने तो मागवून घेतला. तेवढे दिवस चित्र नाही. मायलेकींनी मनाची तयारी केली होती. पार्सल आलं त्या संध्याकाळी मात्र तिला धीर धरवेना. तोच पांढरा डबा, पाठीवर तेच नाव, त्याच चार अँटेना. तो न उघडताच तिने त्यावर प्रणाली चढवली.

डबा सुरू झाला. दिवेही बरोबर लागले. पण टेबलापासून दारापर्यंत जाईतो त्याची वाय-फायची लहर विरून जायची. भिंतीपलीकडे काहीच पोचत नव्हतं.

तेव्हा तिने झाकण काढलं. नाव तेच, पण आतली पाटी निराळी. कंपनीने मध्येच डबा बदलला होता आणि पाठीवरचं नाव तसंच ठेवलं होतं. आतल्या साठवणीच्या खोल्यांची रचना वेगळी. त्यात एक अगदी लहानशी खोली असते. प्रत्येक डबा तयार झाला की कारखान्यात त्याची लहर मोजतात, त्याचं कमीजास्त कुठे आहे ते पारखतात आणि त्या एकाच डब्यापुरती जुळणी त्या खोलीत लिहून ठेवतात. तीच खोली सुनेच्या हातून पुसली गेली होती. आणि तिची प्रत तिने काढून ठेवलेली नव्हती.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आपल्या डब्यातली जुळणी त्याच्यात घालून बघते."

घातली, पण काहीच फरक पडेना. मंडळींपैकी एकाकडे याच दुसऱ्या जातीचा डबा होता, त्याने आपल्या डब्याची जुळणी पाठवली. ती घातल्यावर लहर दारापर्यंत नीट जायला लागली, पण भिंत काही ओलांडेना. सून टेबलाशी हात मांडीत घेऊन बसली. ती रडत नव्हती. पण बाबांनी तिचे हात कधी असे निपचित पडलेले पाहिले नव्हते. आईचा डबा आपण आपल्या हाताने बिघडवला, आणि त्या एका डब्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. सांत्वनाला काय बोलतात ते बाबांना कधीच सुचत नसे. त्यांना सुचायचे ते दात.

"माझ्याकडे एकदा दोघे भाऊ आले होते," ते म्हणाले. "चांगले सत्तरीचे. एका पेल्यात कवळ्या ठेवून झोपले आणि सकाळी एकमेकांच्या घालून गेले. दिवसभर दोघेही कुरकुरत होते, की आज जेवणच वाईट झालंय. जावाजावांत त्यावरून भांडण. संध्याकाळी माझ्याकडे आले, दात काचायला लागलेत म्हणून. मी म्हटलं, दात चांगलेच आहेत, तोंडं बदला."

सुनेने मान वर केली.

"दुसऱ्याची कवळी तोंडात बसते गं," बाबा म्हणाले. "हसता येतं, बोलताही येतं. चावताना दुखतं, एवढंच. म्हणून तर आम्ही काही करायच्या आधी ठसा घेतो. ठसा असला की पुढे कितीही चुकलं तरी चालतं."

ती बघतच राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. "दात चांगलेच आहेत, तोंडं बदला," असं म्हणत तिने टेबलावर थापा मारल्या. मुलगा डोळे चोळत बाहेर आला. "काय झालं? झाला डबा नीट?"

"नाही," ती हसतच म्हणाली. "कवळी बदलली त्याची."

त्याच आठवड्यात तिने मंडळींतलं आपलं जुनं टोपणनाव बदललं. आणि बसवण्याची सगळी रीतच फिरवली. नवी प्रणाली चढायच्या आधी पहिली पायरी म्हणजे डबा कुठल्या जातीचा ते ओळखायचं. दुसरी, त्याची ती लहानशी खोली जशीच्या तशी काढून वेगळी जपायची. ते झाल्याशिवाय पुढचं दार उघडायचंच नाही. घुबडाने त्यावर एकही खोट काढली नाही. ते तिला इतकं अवघड गेलं, की तिने बाबांना दोनदा सांगितलं, "काहीच म्हणालं नाही हो घुबड. बरं नसेल का त्याला?"

राहिला आईचा डबा. सुटीत ती तिकडे निघाली, आणि का कोण जाणे, बाबाही बरोबर निघाले. पेटी सोबत घेतली. विहीणबाईंच्या दारात घंटा होती, पण ती दाबल्यावर वाजलं काहीच नाही. आत दिवे लागले आणि विझले. बाबांना आपण स्टुलावर चढून बसवलेला दिवा आठवला आणि ते एकटेच हसले.

सुनेने तोंड एवढंसं करून आईपुढे डबा ठेवला आणि हातांनी सगळं सांगितलं. माझी चूक झाली. हा आता कमी ऐकतो. भिंतीपलीकडचं याला कळत नाही. तुझ्यासाठी मी दुसरा आणलाय, अगदी असाच, ठीकठाक.

विहीणबाईंनी डबा हातात घेतला, त्याच्या चारी अँटेना सरळ केल्या आणि काहीतरी म्हणाल्या. सुनेने त्याचं भाषांतर केलं.

"म्हणते, कमी ऐकतो? मग हा इथेच शोभतो."

दुसरा डबा सुनेच्या पिशवीत परत गेला. विहीणबाईंच्या खुर्चीशेजारी एक तिवई आली, तिच्यावर विणलेला रुमाल, आणि रुमालावर तो डबा. खुर्ची ते तिवई यांच्यामध्ये भिंत नव्हतीच. तेवढ्या अंतरासाठी त्याची लहर पुरेशी होती. मग दोन दिवस सून रांगेतल्या घराघरांत हिंडली. आधी ठसा, मग प्रणाली. बाबा पेटी धरून मागे. प्रत्येक दारात दिवे लागायचे, हात हलायचे, बाबांना पाणी मिळायचं. तोंडाचा एक शब्द न बोलता एवढा पाहुणचार त्यांनी कधी घेतला नव्हता. एकही डबा बिघडला नाही. घरी आल्यावर दर संध्याकाळी बाबा मटार सोलताना चोरून पडद्याकडे बघत. विहीणबाईंची बोटं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. हात आता हवेत थांबत नव्हता.

सुनेच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून अधू होती. हे ती क्वचितच बोलायची; बाबांना तर ते तिच्या शेवटच्या वर्षातच कळलं. शस्त्रक्रिया ठरली. त्यातून ती उठली नाही. एवढंच. याच्यापुढे काय लिहायचं ते बाबांना कळलं नाही, म्हणून त्यांनी तिथे एक ओळ मोकळी सोडली. घुबडाला ती खपणार नाही, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळ झाली की आता ते स्वतः सुनेच्या खुर्चीत, पडद्यासमोर बसतात. पलीकडे विहीणबाई येतात. बाबांना थोड्याच खुणा येतात, त्यातही निम्म्या चुकतात. एकदा त्यांना 'जेवलात का' विचारायचं होतं आणि त्यांनी भलतंच काही विचारलं. विहीणबाई डोळ्याला पदर लावून हसल्या. बहुतेक वेळ दोघं नुसतीच बसतात. चित्र थांबलं असेल अशी शंका आली, की विहीणबाई एक बोट हलवतात, मग बाबाही हलवतात.

शेवटचं बोलणं आठवायला बाबांना फार प्रयास पडला नाही. पण ते लिहावं का, अशी लाज वाटली, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. ती रुग्णालयात जायला निघाली तेव्हा त्याच जातीच्या एका डब्यावर ती पुढची सुधारणा चालवून बघत होती, आईकडे पाठवण्याआधी. तो टेबलावर लुकलुकत होता. मुलगा पिशवी घेऊन खाली गेला होता. चप्पल घालताना ती दारातून मागे वळली.

"बाबा, तो डबा बंद करू नका हं. तसाच चालू दे."

"मी कशाला हात लावतोय त्याला?"

"लावता तुम्ही. धूळ पुसायला लावता."

"बरं. नाही पुसत."

"पुसा हो. पुसा. फक्त बंद करू नका."